बेचाळिसावी खूण

१

हे मी माझ्या मर्जीने लिहीत नाहीये. मबरूका सोळा दिवसांपासून रोज सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही, गिऱ्हाईकच मागे फिरतं. काल तिने शाळेची वही आणून टेबलावर आपटली आणि म्हणाली, "खमीसकाका, तोंडाने सांगता तेव्हा दर वेळी काहीतरी गाळता. आता लिहा. गाळलंत तर मला दिसेल."

कसं दिसेल ते तिलाच ठाऊक. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, आणि त्यातलं अर्धं मास्तरच्या छडीला घाबरून बुडवलेलं. पण बाई पायरीवरून हलत नाही, म्हणून लिहितो. चुका काढायला कोणी बसू नये.

मी या बेटांवर, अतायाच्या बंदरात, बोटींवर यंत्रं बसवतो. आधी रेडिओ दुरुस्त करायचो. मग तांडेल लोकांना जीपीएस हवं झालं आणि खोली मोजायचं सोनार हवं झालं, तसं मी तेही शिकलो. काम अवघड नाही, नीट करणारे कमी आहेत. दोन यंत्रं असतात. एकाला आपण कुठे आहोत ते कळतं, दुसऱ्याला खाली किती पाणी आहे ते कळतं. दोघांची आपसात ओळख करून द्यायची. एकाची बोलायची वायर दुसऱ्याच्या ऐकायच्या वायरीला, दुसऱ्याची बोलायची पहिल्याच्या ऐकायच्या वायरीला, काळी काळीला. दोघांचा बोलण्याचा वेग सारखा ठेवायचा. मग तांडेलाने समुद्रात बटण दाबून खूण केली की तिच्यात जागेबरोबर खोलीही लिहिली जाते. जोड डाखाने जोडायचे, त्यावर नळी चढवायची, ती गरम करून आवळायची. माझा जोड आजवर एकाही बोटीवर सुटलेला नाही. लोकांना जे बोलायचं होतं ते बोलून झालंय, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

२

मबरूकाचा नवरा बुरावी. त्याचा थोरला भाऊ तिजानी. तिजानीसारखा तांडेल या बेटांवर माझ्या आयुष्यात झाला नाही. बाकीचे रिकामे परतायचे त्या दिवशीही त्याच्या टोपल्यांत हाताएवढे मासे असायचे. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो एकटाच गेला आणि परत आला नाही. बोट सापडली. बावीस मैलांवर, नांगर टाकलेला, इंजिन बंद, जाळं अर्धं पाण्यात, यंत्र चालू. तिजानी नाही.

त्याला मूलबाळ नव्हतं. आई आहे, हज्जा शलबिया. तिने जनाज्याची नमाज पढू दिली नाही. मढं दाखवा मग पढा, म्हणाली. अजून रात्रीच्या जेवणाला त्याची ताटली मांडते.

गेल्या महिन्यात एका शनिवारी बुरावी तिजानीचं जीपीएस घेऊन दुकानात आला. त्याला ते स्वतःच्या बोटीवर चढवायचं होतं, नव्या सोनारला जोडून.

"आण. आधी रिकामं करतो, मग जोडतो," मी म्हटलं.

"रिकामं म्हणजे?"

"खुणा पुसतो. तुझ्या भावाच्या."

"खुणांना हात लावायचा नाही, काका."

"अरे, गेलेल्या माणसाचं यंत्र आहे ते."

"कोण गेलं? मढं बघितलंत तुम्ही?"

आईचंच बोलणं तो बोलत होता. आमच्याकडे तांडेल सख्ख्या भावाला आपली खूण सांगत नाही. कॅफेत कोणी विचारलं तर पूर्वेला गेलेला माणूस पश्चिमेला गेलो म्हणतो, आणि विचारणाराही मान डोलावतो. तांडेल गेला की त्याच्या खुणा मुलाच्या. मुलगा नसला तर यंत्र दुसऱ्या बोटीवर चढवायच्या आधी पुसायचं. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. माझा बाप दोन खजुरी आणि मशिदीचा मनोरा एका ओळीत धरून आपली जागा ओळखायचा. कुठल्या दोन खजुरी ते मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"बुरावी, बायको मागितलीस तर तिजानीने एक वेळ दिली असती. खुणा दिल्या नसत्या," मी म्हटलं.

तो हसला नाही. "मासे मारायला नकोत मला. या एकेचाळीस जागांपैकी कुठेतरी तो असेल. मी एकेक जागा बघणार. सोनारवर काहीतरी दिसेलच. अम्मा म्हातारी झालीय काका, ती जायच्या आत एकदा त्याला मातीत ठेवायचंय."

मी पुसलं नाही. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच. बाकीच्या चुका माझ्या नावावर घालू नयेत.

बोट धक्क्याला बांधलेली होती. खाली दोन मीटर पाणी. दुपारपर्यंत मी वायरी ओढल्या, जोड दिले, सोनारचा आवाज सोडणारा गोळा आधीच बुडाला बसवलेला होता. चालू केलं. गोळा बोलायला लागला की बोटीच्या बुडातून बारीक आवाज येतो, टक, टक, टक, घड्याळासारखा. सोनारवर दोन मीटर आलं. जीपीएसवर बंदर आलं. खुणा मोजल्या, एकही गळायला नको म्हणून.

बेचाळीस.

मी पुन्हा मोजल्या. शेवटच्या खुणेवर तारीख त्या शनिवारचीच होती. अंतर बावीस मैल, पूर्वेला. खोली अडतीस मीटर.

३

नवीन जोडणीत कधी कधी कचरा येतो. दोघांचा वेग जुळला नाही की यंत्र वाट्टेल ते आकडे दाखवतं. मी एकदा पडद्यावर एका बोटीला वाळवंटाच्या मध्यावर बघितलंय. म्हणून मी काळजी केली नाही. वेग तपासला. बरोबर होता. तरी घरी गेलो, भाकरी आणि वाळवलेल्या ऑक्टोपसचं कालवण खाल्लं, झोपलो.

रविवारी त्रेचाळीस झाल्या. सतरा मैल. खोली एकोणतीस.

आता बोट हलली नव्हती. तिच्या बुडाखाली दोनच मीटर पाणी होतं, सोनार दोनच दाखवत होतं. मग एकोणतीस कोणी मोजले? मी सगळे जोड कापले. नवे दिले. काळी वायर थेट बॅटरीवर नेली. बुरावी धक्क्यावर पाय सोडून बसला होता, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

"काय काका, हात थरथरायला लागले का?"

"तुझ्या बापाच्या बोटीवर बिजली आली तेव्हा हेच हात होते."

"तेव्हा तुम्ही सत्तर वर्षांचे नव्हतात."

"बटण अडकलं असेल," मी म्हटलं. "खुणेचं बटण. खारं पाणी जातं आत."

बटण काढून बघितलं. कोरडं, स्वच्छ, आतला रबर नव्यासारखा.

सोमवारी मी एकटाच बोटीवर होतो. केबिनमध्ये लाकडी पेटीवर बसलो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिलो. बाहेर ऊन इतकं की पांढऱ्या भिंतीकडे बघवत नव्हतं. दोन-तीन बोटींवर रेडिओ लागले होते. साडेअकराला यंत्र वाजलं. एकच आवाज, टिंग. तिजानीने तो तसाच ठेवला होता, खूण केली की वाजणारा.

माझे हात गुडघ्यांवरच होते.

चव्वेचाळीस. बारा मैल. सतरा मीटर.

मी सोनार बंद केलं. जीपीएस बंद केलं. बॅटरीचा खटका पाडला. मग बसून राहिलो, कारण काहीतरी चुकत होतं आणि काय ते लगेच कळेना. मग कळलं. बुडातून आवाज येतच होता. टक, टक, टक. पण गोळ्याचा आवाज एका वेगाने असतो, कमी-जास्त होत नाही. हा थांबत होता. तीनदा यायचा, थांबायचा, पुन्हा तीनदा.

बंद गोळा वाजत नाही. धक्क्याचं टायर बोटीला घासत असेल असं मी स्वतःला सांगितलं. उठून बघितलं. टायर आणि बोट यांच्यात हातभर जागा होती.

४

मंगळवारी पंचेचाळिसावी आली, सात मैल, आठ मीटर. मी कागद काढला. तिजानीच्या एकेचाळीस खुणा सोडल्या आणि नव्या चार मांडल्या. सरळ रेघ आली. पट्टी ठेवून मारल्यासारखी, बावीस मैलांवरच्या त्या जागेपासून आमच्या बंदराकडे.

बोट अशी येत नाही. आमचा समुद्र म्हणजे परात. मैलच्या मैल कमरेएवढं पाणी, मध्ये वाळूचे उंचवटे, आणि त्यात प्रत्येक घराच्या मालकीची झावळ्यांची कुंपणं रोवलेली, मासे अडवायला. बोटीला खोल पाण्याच्या वाटा धरून वळसे घालत यावं लागतं. आंधळा तांडेलसुद्धा सरळ येणार नाही. वाहून येणारी वस्तू भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे होते, तीही रेघ धरत नाही. ही रेघ उंचवट्यांवरून जात होती. कुंपणांमधून जात होती.

असं फक्त पायी चालणारा माणूस येतो.

हे मी मनात म्हटलं आणि मला माझाच राग आला. मी वायरी जोडणारा माणूस आहे. जिनांच्या गोष्टी करणाऱ्यांना मी दुकानातून हाकलून दिलंय. पण कागद बुरावीला दाखवायलाच हवा होता, यंत्र त्याचं होतं.

त्याने रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं घाबरेल. त्याचे डोळे भरून आले.

"येतोय," तो म्हणाला.

"कोण येतोय? अक्कल ठिकाणावर आहे का तुझी?"

"मढं वाहून येतंय, काका. अम्माला सांगतो."

"तिला काही सांगायचं नाही. मढं दिवसाला पाच मैल बरोबर मोजून वाहत नाही. आणि मढं बटण दाबत नाही."

"मग कोण दाबतंय?"

"मला नाही माहीत."

"माहीत नाही ना? मग गप बसा." त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "तुम्हाला भीती वाटत असेल तर घरी जा. माझा भाऊ आहे तो."

"बुरावी, ऐक माझं. ही रेघ बंदरात पोचायच्या आधी मला यंत्र पुसू दे."

"पुसलंत तर तुमचे हात तोडीन," तो म्हणाला. आणि लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण लहानपणी मी त्याला खांद्यावर बसवून बाजारात नेलं होतं. "राग मानू नका. अम्माची ताटली बघवत नाही आता."

५

बुधवारी शेहेचाळीस. दोन मैल, तीन मीटर. टिंग झालं तेव्हा मी आणि बुरावी दोघे केबिनमध्ये होतो. तो अल्लाचं नाव घेत पूर्वेकडे बघत राहिला. बाहेर सपाट पाणी होतं. त्यात झावळ्यांच्या कुंपणांच्या ओळी, आणि त्यांवर बसलेले बगळे. काठापासून बऱ्याच अंतरावरच्या एका कुंपणावरचे बगळे एकदम उडाले आणि दुसऱ्या कुंपणावर जाऊन बसले. बगळे उडतात. त्यात काही नाही.

गुरुवारी बुरावी आईला आणायला रमला गावी गेला. मी नको म्हटलं होतं. दुपारी दीडपर्यंत येतो म्हणाला. मी बोटीवर होतो. यंत्र मी तेव्हाच बंद करू शकलो असतो, असं मबरूका मला रोज म्हणते. नाही केलं.

ओहोटी होती. जेवणाची वेळ झाल्याने धक्क्यावर कोणी नव्हतं. सोनारच्या पडद्यावर तळाची जाड पट्टी दोन मीटरवर होती. मासा खालून गेला की पडद्यावर कमान उमटते. येतो, जातो, म्हणून कमान. उभी राहिलेली वस्तू कमान काढत नाही, लांबच लांब रेघ काढते.

पाऊण वाजता तळापासून रेघ सुरू झाली. तुटेना. दीड मीटरवर होती, मग एकवर आली. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली. मग सगळा पडदा वरपर्यंत काळा झाला.

असा काळा पडदा मी रोज बघतो. नवा गोळा विकायच्या आधी मी तो दुकानात बादलीत धरतो आणि त्यावर तळहात दाबतो, चालू आहे की नाही ते बघायला. तेव्हा असाच होतो.

बुडातला टक-टक आवाज दबला. कापडात गुंडाळल्यासारखा.

मी बाहेर आलो. मागच्या बाजूला पोटावर झोपलो आणि खाली वाकलो. पाणी स्वच्छ होतं. वाळू दिसत होती, गवत दिसत होतं, बोटीची सावली दिसत होती. सावलीच्या कडेला, बुडाखालून थोडासा बाहेर आलेला, निळा कपडा होता. कामाचं निळं जाकीट आमच्याकडे सगळेच घालतात. बाही होती. तिच्यात कोपर होतं, वाकलेलं. कोपराच्या पुढचा हात वर बुडाकडे गेला होता, जिथे मी गोळा बसवला होता तिथे. गवत पाण्याबरोबर डुलत होतं. बाही डुलत नव्हती.

ते तिजानीचं कोपर होतं असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं ओळखत होतो त्याला, पण माणसाचं कोपर कोण लक्षात ठेवतं? जाळ्यातून सुटलेलं जाकीट असेल, आत पाणी भरून फुगलेलं. असंच असेल.

मी केबिनमध्ये गेलो आणि वायर ओढली. डाखाचा जोड होता, माझा स्वतःचा, तो तुटेना. मग वायरच दाताने कापली.

टिंग झालं नाही. टक-टक थांबली. पुन्हा वाकून बघायला मी गेलो नाही. धक्क्यावर उडी मारली, या वयात, आणि गुडघा फोडून घेतला.

६

दीडला बुरावी आला. टॅक्सीत हज्जा शलबिया बसली होती, खिडकीची काच खाली करून, पांढऱ्या चादरीत. बुरावी सरळ केबिनमध्ये गेला आणि कापलेली वायर हातात घेऊन बाहेर आला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"आला होता?"

मी फुटलेल्या गुडघ्यावर रुमाल दाबला. त्याला तेवढ्यात कळलं.

"आला होता, आणि तुम्ही त्याचं दार लावलंत."

"बुरावी, जे आलं होतं ते पुरायचं नव्हतं."

टॅक्सीतून हज्जा शलबियाने विचारलं, "कुठाय माझा तिजानी?" ती खाली उतरली नाही. काच वर केली.

शुक्रवारी सकाळी बुरावीने वायर स्वतःच जोडली. नुसता पीळ दिला आणि चिकटपट्टी गुंडाळली. तीन वर्षांच्या पोरालाही त्याहून बरं जमेल. चालू केलं तर खूण आली, सत्तेचाळिसावी. एक मैल. पण आता पुढची दोन मैलांवर आली, मग चार. दिशा उलटी. आणि दिवसाला एक नाही, तासाला एक.

नमाज संपवून माणसं मशिदीतून बाहेर पडत होती तेव्हा तो इंजिन चालू करत होता. मी धक्क्यावर उभा राहून दोर धरला.

"सोड दोर, म्हाताऱ्या."

"नाही सोडत. निदान चार माणसं घेऊन जा."

"कशाला? त्यांच्यासमोर तोही येणार नाही."

"तो, तो काय लावलंय! तुला भाऊ पाहिजे की आईची ताटली बंद करायची आहे, ते आधी ठरव."

तेव्हा तो ओरडला. मशिदीतून आलेले वीस-पंचवीस लोक उभे होते. "ऐका सगळे! हा खमीस! माझा भाऊ बंदरापर्यंत आला होता आणि याने त्याला दारातून परत पाठवला. मढं पळवणारा आहे हा! पन्नास वर्षं आमच्या घरचं मीठ खाल्लं, आणि माझ्या आईच्या पोराला माती मिळू दिली नाही!"

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनेही बोललं नाही. मबरूका तिथेच होती, तीही बोलली नाही, हे मी गाळत नाहीये, लिहितोय. त्याने चाकूने दोर कापला. अर्धा माझ्या हातात राहिला. पूर्वेकडे गेला, भर दुपारी, वळसे न घालता, सरळ. कुंपणाच्या झावळ्या मोडल्याचा आवाज धक्क्यापर्यंत आला.

७

बोट शनिवारी सापडली. सात मैलांवर, आठ मीटर पाण्यात. नांगर टाकलेला, इंजिन बंद, बुरावी नाही. केबिनमध्ये चहाची शेगडी होती, निखारे विझलेले, आणि दोन पेले. दोन्ही वापरलेले. एकाच्या तळाला वाळू होती.

त्याने एकट्याने दोन पेले घेतले असतील. पहिल्यात वाळू गेली म्हणून दुसरा घेतला असेल. कोस्टगार्डचा माणूस असंच म्हणाला आणि मलाही तेच म्हणायला आवडेल.

"वायरी तुमच्या हातच्या," म्हणत कोस्टगार्डवाल्यांनी यंत्र माझ्याकडे टाकलं. मी एकदा चालू करून बघितलं. आठ मीटरच्या जागेपर्यंत खुणा एकेक होत्या. शेवटच्या दोन एकाच मिनिटाच्या, एकाच जागेच्या. त्यानंतर काही नाही, कारण सोनारला जोडल्याशिवाय त्यात आपोआप खूण येत नाही. टेबलाखाली ठेवलंय, बॅटरी काढून.

मबरूकाला हवंय ते हेच यंत्र. तिच्या भावाच्या बोटीवर सोनार आहे. "जोडा काका," म्हणते. "मी धक्क्यावर बसेन. तुम्ही घरी जा. मी वाट बघेन." हज्जा शलबिया आता दोन ताटल्या मांडते.

मी जोडणार नाही. या बेटांवर दुसऱ्या कोणाला जोडता येत असेल तर त्याने जोडू नये, म्हणून हे सगळं लिहिलं. मबरूका, वही घे आणि पायरीवरून ऊठ. माझ्याशी ज्याचं बोलणं राहिलंय तो तुझा नवरा आहे. पंचवीस माणसांसमोर मला मढं पळवणारा म्हणाला आणि माफी न मागता गेला. ती मला हवी आहे. पण ती मागायला इकडे चालत यायची गरज नाही, आहे तिथूनच मागितलीस तरी मी ऐकेन, बुरावी.